फोरमननी पुसलेली डिस्क

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरांवर शिकवणारा एक वर्ग चालायचा, आणि तो चालवणाऱ्या माणसाला सगळे फोरमन म्हणायचे. कुठल्या कारखान्याचे फोरमन, असं नवा आलेला माणूस हमखास विचारायचा. कारखाना वगैरे काही नव्हता. टाइपरायटर दुरुस्तीच्या एका दुकानात त्यांनी एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला तिथे सात कारागीर होते, मग चार, मग दोघे. तो दुसराही सोडून गेला त्या दिवशी मालक म्हणाला, "आजपासून तू फोरमन." हाताखाली चिटपाखरू नाही, असा हा फोरमन. पुढे दुकानाला टाळं लागलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी तेव्हा त्या वाचनालयात ग्रंथपाल होते. दुकान बंद झाल्यावर फोरमन रोज सकाळी पेपर वाचायला यायचे आणि छोट्या जाहिरातींसकट सगळा वाचून काढायचे. त्याच सुमाराला एका कार्यालयाने आपले अकरा जुने कॉम्प्युटर आम्हाला देऊन टाकले. आमच्या चिटणीसांनी ते मोठ्या हौसेने घेतले, मागच्या खोलीत रचून ठेवले आणि विसरून गेले. सहा महिने त्यांच्यावर धूळ साचत होती. एक दिवस फोरमन माझ्या टेबलाशी आले आणि जरा लाजतच म्हणाले, "बाई, एक उघडून बघू का? बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडणार?"

अकरातून त्यांनी सात चालू केले. एकाचा पंखा दुसऱ्याला, दुसऱ्याची मेमरी तिसऱ्याला. वाचनालयातलं या विषयावरचं एकुलतं एक पुस्तक त्यांनी इतक्या वेळा घरी नेलं की शेवटी मी त्याची नोंद करणंच सोडून दिलं. मग वर्ग सुरू झाला. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते पाच. यायचे कोण? पाठ गेलेला एक ट्रक ड्रायव्हर, दवाखान्यातून निवृत्त झालेली आया, आणि विजेची तक्रार आता कुठे करायची हेच न कळणाऱ्या दोघी विधवा जावा. नोकरीचा अर्ज, दवाखान्याचा नंबर, घराचे कागद, सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं आणि ही माणसं मागे राहिली होती.

पहिल्या दिवशी फोरमन कॉम्प्युटरचा एक डबा सगळ्यांसमोर उघडून ठेवायचे. "बघा नीट. आत कोणी बसलेलं नाही. मग घाबरायचं कुणाला?" लोक हसायचे आणि अर्धं काम तिथेच व्हायचं. कोणी 'सर' म्हटलं की ते कसनुसे व्हायचे. "सर नका म्हणू हो. शाळेत मी जितका वर्गात होतो त्याहून जास्त वर्गाबाहेर उभा होतो."

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरची डिस्क ते पूर्ण पुसायचे, एकदा नाही, तीनदा. आणि पुसण्याआधी आत काय आहे ते चुकूनसुद्धा बघायचे नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "टाइपरायटरला कार्बनची फीत असायची, एकदाच वापरायची. ती उजेडासमोर धरली की टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचता यायचं. कुणाला कामावरून काढलं, कोण कुणाला सोडून चाललंय, सगळं. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फीत हातात आली की जाळायची. वाचलीस तर हात तोडीन." मग म्हणाले, "लोक भरवशाने वस्तू आपल्या हातात देतात, बाई. आपण त्यांच्या घरात डोकवायचं नाही."

मला ते पटलं. आजही पटतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा दोष कुणाच्या माथी मारावा ते मला कळत नाही.

एका दुपारी एक बाई चाकांच्या पिशवीत घालून एक कॉम्प्युटर घेऊन आल्या. त्याला जुनी चादर गुंडाळलेली, गाठी अशा पक्क्या की सोडवायला आम्हाला कात्री लागली. बाई पन्नाशी उलटलेल्या. कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करायच्या: पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं. बाहीला एक टाचणी तशीच टोचून राहिली होती.

"मुलाचा होता," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात नुसता पडून आहे. कुणाच्या तरी कामाला येईल."

"मुलगा कुठे असतो?" मी सहज विचारलं.

"नाही आता," एवढंच म्हणाल्या.

बाकीचं मला पुढे कळलं. सव्वीस वर्षांचा होता, पार्सलच्या गोदामात कामाला. साधा ताप म्हणून अंथरुणाला लागला आणि नवव्या दिवशी गेला. त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

आमचा एक छापील फॉर्म होता. त्याच्या तळाशी ओळ होती: आतील माहिती पुसून टाकण्यास माझी हरकत नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "इथे सही करा."

"हे काय लिहिलंय?"

"आत जे काही असेल ते आम्ही काढून टाकतो."

"त्यात काय असणार?" त्या म्हणाल्या. "टीव्हीसारखाच ना तो."

पुस्तकं परत करायला आलेल्यांची माझ्यासमोर रांग होती. त्यांनी सही केली, मी फॉर्म फाइलला लावला. फोरमननी दुसऱ्याच दिवशी तो डबा उघडला, आतली धूळ झटकली, त्यातल्या घड्याळाचा सेल बदलला आणि डिस्क तीनदा पुसली.

पाच महिन्यांनी त्याच बाई वर्गात नाव घालायला आल्या. गिऱ्हाईकं आता फोटो पाठवतात, मापं लिहून पाठवतात, त्यांना उत्तर देता येत नाही म्हणून काम दुसरीकडे जातं, असं म्हणाल्या. थोड्याच दिवसांत वर्गाने त्यांची मावशी करून टाकली. त्यांच्याहून वयाने मोठी असलेली आयासुद्धा त्यांना मावशीच म्हणायची. फोरमनना त्या भाऊ म्हणायच्या. त्यांची एक गंमत होती. स्क्रीनवर काही उघडायला वेळ लागला की त्यांचा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागायचा, शिलाई मशीनचा पायटा शोधत. एकदा ड्रायव्हरने ते पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ब्रेक कुठला आणि क्लच कुठला तेवढं सांगा." त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "पाय मारल्याशिवाय काही पुढे सरकतं, हे मला पटतच नाही बघा."

फाइल आणि फोल्डरचा धडा सहाव्या आठवड्यात यायचा. त्या दिवशी मी एक खुर्ची ठेवायला खोलीत गेले होते, म्हणून जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. फोरमन नेहमीप्रमाणे सांगत होते, "फोल्डर म्हणजे कपाटातला खण. एका खणात फोटो, एकात पत्रं. तुम्ही ठेवाल ते तिथेच राहतं."

मावशींनी विचारलं, "बंद केला तरी राहतं?"

"बंद केला तरी राहतं."

"वायर काढली तरी?"

"हो. डिस्कवर असतं ते. विजेशी त्याचा संबंध नाही."

"दोन वर्षं बंद असला तरी?"

"दहा वर्षं असला तरी," फोरमन उत्साहाने म्हणाले. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला की त्यांना फार आनंद व्हायचा. ते पुढे बोलत राहिले. मावशींचा पाय थांबला होता. त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि पाच वाजेपर्यंत तो तसाच होता.

सगळे गेल्यावर त्या उठल्या. "भाऊ, मी एक डबा दिला होता इथे. काळा. बाजूला मांजराचं चित्र चिकटवलेलं."

फोरमनना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. तो डबा खिडकीजवळ तिसऱ्या टेबलाखाली होता. मांजराचं चित्र फोरमननी खरवडून टाकलं नव्हतं. त्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर शिकायला बसायचा. मावशींना तो दिसलाच नव्हता, कारण डबे टेबलाखाली असायचे.

"माझ्या मुलाचा होता तो," मावशी म्हणाल्या. "कामावरून आला की बसायचा त्याच्यासमोर. मी ओरडायचे. डोळे फोडून घेतोस म्हणायचे. त्यात त्याचे खण असतील ना? मला आता उघडता येईल."

फोरमनना खोटं बोलता आलं असतं. तो डबा दुसरीकडे गेला, बिघडला, चोरीला गेला, काहीही. मी त्यांच्या जागी असते तर बोलले असते.

ते म्हणाले, "मी पुसला तो, मावशी."

"पुसला म्हणजे?"

"आतलं सगळं काढून टाकलं."

"मग काढून ठेवलं कुठे?"

फोरमन म्हणाले, "कुठे ठेवलं नाही. ते राहत नाही. त्याच्यावर दुसरं लिहिलं की आधीचं जातं."

"दुसरं काय लिहिलं?"

"काही नाही. शून्यं."

मावशींनी टेबलाखाली वाकून त्या मांजराकडे पाहिलं. हात लावला नाही. मग पिशवी उचलली आणि निघाल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं म्हणा. सही माझीच आहे." त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

त्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या.

फोरमननी ती डिस्क काढली, मऊ कपड्यात गुंडाळली आणि शहरातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथे गेलेली माहिती परत काढून देतात असं त्यांनी ऐकलं होतं. चार दिवसांनी दुकानदाराने डिस्क परत दिली. म्हणाला, "साधी खोडलेली असती तर काढली असती. ही कुणीतरी व्यवस्थित पुसलीय. फार चोख काम आहे. कुणी केलं हो?"

"मी," फोरमन म्हणाले आणि डिस्क घेऊन परत आले. हे त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःला चापट मारून घ्यावी तसं.

मग ते पार्सलच्या गोदामात गेले. एकदा गेले तर आत सोडलं नाही, दुसऱ्यांदा गेले तर पाळी बदललेली. तिसऱ्यांदा मुलाच्या शेजारी उभी राहून पार्सलं लावणारी एक बाई भेटली. तिने आपल्या फोनमधून शोधशोधून तीन फोटो आणि एक छोटं चलचित्र दिलं. फोटोंत घोळक्यात मागे कुठेतरी तो होता. चलचित्रात तर दिसतच नव्हता. कुणीतरी खोक्यांचा मनोरा रचतंय, तो कलतोय, आणि मागून त्याचा आवाज येतो, "अरे धर, धर की, पडतंय बघ," आणि मग हसणं. अकरा सेकंद. कॉम्प्युटरवर तो काय करायचा, असं फोरमननी तिला विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत. शिकत होता काहीतरी. का खेळत असेल. बोलला नाही कधी."

मावशींच्या घरी जाताना फोरमननी मला बरोबर नेलं. एकटं जायचा धीर होत नव्हता. दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले लोकांचे कपडे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. जिथे तो डबा असायचा त्या कोपऱ्यात भिंतीचा रंग वेगळा दिसत होता. मावशींनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा ठेवला. रागावलेल्या दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोरमननी बरोबर आणलेला लॅपटॉप मशीनच्या फळीवर ठेवला आणि फोटो दाखवले. मावशींनी चष्मा लावला, जवळून पाहिले, मान हलवली. मग ते अकरा सेकंद. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्या वेळी डोळे मिटून ऐकलं.

"सर्दी झाली होती त्याला," त्या म्हणाल्या. "बघा ना आवाज. मला बोलला नाही."

चहा उतू गेला तरी कोणी उठेना. शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला.

त्या दिवसापासून फोरमनचा हात डिस्क पुसायला धजेना. डबे येत राहिले. ते उघडायचे, साफ करायचे आणि डिस्क तशीच ठेवून द्यायचे. मग त्यांनी नियम केला की कॉम्प्युटर देणाऱ्याने इथे येऊन बसायचं, आत काय आहे ते स्वतः बघायचं, हवं ते काढून घ्यायचं, आणि मगच ते पुसणार. लोकांना हे झेपेना. "अहो, काही नाही त्यात, टाका पुसून," असं म्हणायचे. "एकदा बघा तरी," असा फोरमन हट्ट धरायचे. एका गृहस्थांनी खूप आरडाओरडा केला, वस्तू फुकट द्यायची आणि वर परीक्षा द्यायची का म्हणाले, आणि आपला डबा उचलून परत घेऊन गेले. कार्यालयांचं तर विचारूच नका. तिथून माणूस कुठला येऊन बसणार? त्यांनी देणंच थांबवलं. खोलीत पुसायचे राहिलेले डबे छतापर्यंत चढले आणि चालू असलेले एकेक करून बंद पडू लागले. चिटणीस मला म्हणाले, "तुमच्या फोरमनना सांगा, हा वर्ग आहे, अस्थिविसर्जन नव्हे." मी ते फोरमनना सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी मावशी परत आल्या. एका बुधवारी तीन वाजता येऊन भिंतीकडच्या टेबलाशी बसल्या, मांजराच्या डब्यापासून लांब. फोरमननी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. "मला टाइप करायला शिकायचंय," एवढंच म्हणाल्या. फोरमननी पूर्वीसारखं शिकवलं, पण आवाज खालच्या पट्टीत. मावशी एका बोटाने टाइप करायच्या, दिवसाला तीनचार ओळी. काय लिहितात ते कुणी पाहिलं नाही. त्यांच्यामागून जायची वेळ आली की फोरमन मान फिरवून जायचे. एकदा 'ढ' कुठे आहे ते सापडेना म्हणून त्यांनी हाक मारली, तर फोरमननी स्क्रीनवर हात धरून, फक्त कळफलकाकडे बघत तो दाखवला. उठताना त्या लिहिलेलं आपल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि ठेवलं गेलं का ते दोनदा बघायच्या.

मला वाटलं, आता हळूहळू सावरेल सगळं. पण पुढच्या वर्षी पालिकेने दोन रस्ते पलीकडे नवं केंद्र काढलं, नवे कोरे कॉम्प्युटर, गार हवा, शिकवायला पदवी घेतलेली मुलगी. आमच्याकडचे लोक तिकडे गेले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. चिटणीसांना ती खोली पुस्तकांसाठी हवीच होती. शेवटच्या दिवशी वर्गात तिघं होते. फोरमननी मावशींना विचारलं, "हा कॉम्प्युटर घरी नेता का? तुमचं लिहिलेलं आहे त्याच्यात."

"घरी कोपरा नाही आता," त्या म्हणाल्या. "तिथे कपाट आलंय." त्यांनी लिहिलेलं एका छोट्या पेनड्राइव्हवर घेतलं, स्वतःच, कुणाची मदत न घेता. मग म्हणाल्या, "आता इथलं पुसा, भाऊ."

फोरमन म्हणाले, "तुम्हीच पुसा. दाखवतो." त्यांनी दाखवलं, मावशींनी बटण दाबलं, आणि दोघं पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत बसले. बराच वेळ लागला. उरलेले डबे दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने टेम्पोतून नेले. त्यातल्या एकेका डिस्कला फोरमननी आधी हातोडीने भोक पाडलं. सदतीस होत्या. संध्याकाळी त्यांचा खांदा वर उचलेना.

त्यानंतर ते पेपर वाचायलाही येईनासे झाले. हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. थोरल्या बहिणीकडे राहायचे ते. ही बहीण सत्तरीची, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. मी भेटायला गेले तेव्हा ती त्यांना चमच्याने भात भरवत होती आणि मला म्हणाली, "बघा, आयुष्यभर लोकांच्या मशिनी दुरुस्त केल्या, आता ह्याचा सुटा भाग कुठे मिळतो का विचारा."

फोरमन डाव्या बाजूने हसले. शब्द तुटक यायचे, वस्तूंची नावं आठवायची नाहीत. बराच वेळ प्रयत्न करून त्यांनी विचारलं, "मावशी... येतात?"

मावशी उन्हाळ्यातच खोल्या सोडून धाकट्या भावाच्या गावी गेल्या होत्या. मशीन विकलं, लोकांचे कपडे घरोघर पोचते केले. मला जाताना दिसल्यासुद्धा नाहीत. शेजारणीकडून कळलं.

"नाही," मी म्हटलं. "भावाकडे गेल्या त्या. कायमच्या."

"सांगून?"

"नाही."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बहिणीने चमचा पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा पुढे केला. "घे रे," ती म्हणाली, "गार होतोय." तिसऱ्या वेळी त्यांनी घेतला आणि ती पदराने त्यांची हनुवटी पुसत राहिली, मी उठून चपला घालेपर्यंत.